आरसी बुकाचं मागचं पान

आमच्या नागपूरच्या टांडापेठेतल्या घरात कुणाला काही सांगायचं असलं तर हातमागाच्या दोन ठोक्यांच्या मधे सांगावं लागे. बाबा पुढच्या खोलीत खड्ड्यात पाय सोडून बसलेले, धोटा या हातातून त्या हातात जाणारा, आणि प्रत्येक फेरीला फणीचा तो ठक् आवाज. आम्ही पोरं त्या आवाजात झोपलो, अभ्यास केला, भांडलो. आई मागच्या दाराशी चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची आणि चुलीवर सुताला लावायची खळ शिजत असायची. तिचा आंबूस वास आमच्या कपड्यांना, वह्यांना, जवसाच्या चटणीलासुद्धा लागलेला. रविवारी मात्र माग बंद असे. त्या दिवशी बाबा स्वतः पाट्यावर मसाला वाटत आणि सावजी रस्सा असा तिखट करत की जेवताना सगळ्यांचे डोळे आणि नाकं एकाच वेळी वाहत. बाबा फार बोलणारे नव्हते. त्यांचं कौतुक एकाच गोष्टीचं असे, नजरेचं. हातभर लांबून तुटलेला धागा दिसला की ते त्या पोराकडे बघून नुसती मान हलवत. ती मान आपल्याकडे बघून हलावी म्हणून आम्ही तिघंही भावंडं आसुसलेली असू. मी मधली. माझ्याकडे बघून ती फारशी हललेली मला आठवत नाही.

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ प्रभाकर, मागावर बसला नाही. हिंगण्याच्या एका कारखान्यात तो लागला. कंपनीची बस गोळीबार चौकातून निघे. ती चुकली की सायकल. मे महिन्यात दुसऱ्या पाळीला सायकलनं जाणं म्हणजे काय ते ज्यानं नागपूरचं ऊन डोक्यावर घेतलं त्यालाच कळेल. खिशात कांदा, डोक्याला ओला दुपट्टा, आणि घरी परत येईस्तोवर आईचा जीव टांगलेला. एकदा तो रस्त्यातच भोवळ येऊन पडला. तेव्हा घरात ठरलं की जुनी का होईना, दादासाठी एक फटफटी बघायची.

मॅट्रिक झाल्यावर मी टायपिंग शिकले होते आणि मोटारगाड्यांची नोंदणी जिथे होते त्या कचेरीसमोर एका एजंटाकडे फॉर्म भरायला जात होते. तिवारीजी त्यांचं नाव. एका पत्र्याच्या खोलीत दोन टेबलं, मधे मी, आणि बाहेर गाडी विकणाऱ्या-घेणाऱ्यांची गर्दी. त्या रांगेत बाई अशी मी एकटीच. तिवारीजी दिवसभर पान खात आणि चोरीच्या गाड्यांच्या गोष्टी सांगत. गाडी घेताना रंग पाहू नये, आवाज ऐकू नये, आधी नंबर पाहावा, हे त्यांचं पालुपद. एक नंबर सांगाड्यावर, हँडलखाली मानेपाशी. दुसरा इंजिनावर. दोन्ही जागा रॉकेलच्या फडक्यानं पुसायच्या, वर पतंगाचा पातळ कागद धरायचा आणि आडव्या पेन्सिलीनं हलक्या हातानं घासायचं. लोखंडावरचे आकडे कागदावर पांढरे उमटतात. मग एकेक आकडा आरसी बुकाशी, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या पुस्तकाशी, ताडायचा. चोर जुना नंबर कानशीनं घासतो आणि नवा ठोकतो, पण त्याच्याजवळचे आकड्यांचे छाप लहानमोठे असतात, आणि नीट पाहिलं तर जुन्या आकड्याची सावली खाली राहतेच. पेन्सिलीचे असे ठसे मी शेकड्यांनी घेतले होते. चोरीची गाडी मात्र एकही सापडली नव्हती.

दादाच्या कारखान्यात वामनराव रामटेके नावाचे गृहस्थ होते. फौजेत गाड्या दुरुस्त करण्यात उमर काढून निवृत्त झालेले, आता कारखान्याच्या स्टोअरमध्ये. दादा नवा लागला तेव्हा त्यांनीच त्याला यंत्राजवळ बाही दुमडून कसं उभं राहायचं ते शिकवलं होतं, आणि दादा त्यांना काका म्हणायचा. त्यांच्याकडे फौजेच्या लिलावातून घेतलेली लढाईच्या काळातली एक विलायती मोटारसायकल होती. ती त्यांनी स्वतः खोलून, बांधून, रंगवून उभी केली होती. आता गुडघा गेला, किक मारता येत नाही, म्हणून ती कुणा चांगल्या हाती द्यावी असं त्यांच्या मनात होतं. दादाला त्यांनी स्वतःहून विचारलं.

रविवारी सकाळी आम्ही नागपुरातच, इंदोऱ्याच्या वस्तीत, त्यांच्या घरी निघालो. दादा, कारखान्यातले त्याचे दोन दोस्त आणि मी. निघताना आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "तिथं काही खाऊ-पिऊ नोको वं." दादाला तिनं काही सांगितलं नाही, कारण तो ऐकणार नव्हता. मी मात्र मान डोलावली. ती सूचना मला तेव्हा उन्हात जाताना डोक्यावर पदर घे म्हणण्यासारखीच वाटली, हे इथे लिहून ठेवते.

अंगण सारवलेलं होतं, दारावर निळा रंग, आत कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती आणि तिच्यापुढे मोगऱ्याची चार फुलं. वामनराव पांढऱ्या सदऱ्यात उभे होते, ताठ. त्यांच्या बायकोनं, भागाबाईंनी, चहा आणि बशीत मुरमुऱ्याचा चिवडा आणून ठेवला. वामनरावांनी गुडघा सांभाळत दोनदा किक मारली आणि फटफटी अशी लागली की शेजारचे लोक कुंपणाशी येऊन उभे राहिले. दादाचा चेहरा त्या दिवशी जसा उजळला तसा त्याच्या लग्नातही मी पाहिला नाही. "गाडी घेतलीच समज, काका," तो म्हणाला.

"आधी बहिणीले पाहू दे तुह्या," वामनराव म्हणाले. "कागद पाहिल्याबिगर लोखंड घेऊ नये." आणि त्यांनी बुक माझ्या हातात दिलं.

मी पदर खोचला, फडकं काढलं, रॉकेलची बाटली काढली. सगळे बघत होते. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच पाच-सहा पुरुष मी काय म्हणते याची वाट बघत गप्प उभे होते. मानेपाशी सांगाड्याचा नंबर बुकाशी जुळला, अक्षर न् अक्षर. मग मी खाली बसून इंजिनाची बाजू पुसली, कागद लावला, पेन्सिल फिरवली. आकडे उमटले. शेवटचे तीन आकडे बाकीच्यांहून मोठे होते. त्यांच्याखाली कानशीच्या रेघा होत्या, आणि रेघांत एका जुन्या आकड्याचं वाकडं शेपूट. मी बुकाचं पहिलं पान पाहिलं. नंबर वेगळा.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. दुसरं तिसरं काही नाही, आनंदच. तिवारीजींच्या गोष्टीतली गाडी अखेर मला सापडली होती.

"दादा, हा नंबर बुकातला नाही," मी उठून म्हटलं.

"मंग कोनता आहे?"

"घासून नवा ठोकला आहे. चोरीच्या गाडीले असंच करतेत."

वामनरावांनी हात फडक्याला पुसले आणि शांतपणे म्हणाले, "बेटा, मागचं पान पाय. फौजेत इंजिन खोलून बांधलं की नंबर नवा ठोकतेत. मी हे इंजिन बसवलं तवा नोंद करून घेतली. मागच्या पानावर आहे."

बुक माझ्या हातातच होतं. पान उलटायला किती वेळ लागला असता? पण उलटलं आणि खरंच नोंद असली तर या सगळ्यांसमोर मी कोण उरणार होते? मी म्हटलं, "पाहिलं मी सारं बुक."

"एक बार अजून पाय."

"काका, ती तिथंच काम करते," दादा म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "तिले समजते."

मी बुक ओट्यावर ठेवलं, त्यांच्या हातात दिलं नाही. आम्ही निघालो. माझा चहा तसाच होता, साय धरलेला. भागाबाई दारात उभ्या होत्या आणि माझ्याकडे नव्हे, त्या कपाकडे बघत होत्या.

घरी आल्यावर दादानं बाबांना सगळं सांगितलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

दादा मनानं वाईट नव्हता. ज्यांना काका म्हणायचं त्यांनीच फसवलं याचं त्याला दुःख झालं होतं, आणि ते दुःख त्यानं सोमवारी कंपनीच्या बसमध्ये काढलं. मंगळवारपर्यंत ते सगळ्या पाळ्यांना कळलं. बुधवारी रात्री जेवताना तो म्हणाला, "आज गेटवर काकाचा डबा उघडून पाहिला. बाकी कोनाचा नाही पाहत. स्टोअरमधलं सामान मोजून राहिले साहेब लोक." हे सांगून त्यानं ताटातली भाकर मोडली आणि तशीच धरून ठेवली. मी त्याला आणखी पिठलं वाढलं.

शुक्रवारी दुपारी मी टेबलावर मान खाली घालून फॉर्म भरत होते. कुणीतरी समोर येऊन उभं राहिलं आणि माझ्यापुढे एक बुक ठेवलं, मागचं पान उघडून. निळ्या शाईतली दोन ओळींची नोंद, इंजिन बदलल्याची, नवा नंबर, सही, गोल शिक्का. शाई जुनी होऊन जांभळट पडलेली. मी ठसा घेतलेला नंबर मला पाठ होता. तोच होता.

मी वर पाहिलं. वामनराव. मी नेमकी याच टेबलाशी बसते हे त्यांना माहीत नसावं, कारण तेही क्षणभर थबकले. मग म्हणाले, "बाई, या नोंदीची सरकारी नक्कल पाहिजे. अर्ज लिहून द्या."

रविवारी बेटा म्हणणारा माणूस शुक्रवारी मला बाई म्हणत होता, तुम्ही म्हणत होता. शेजारी तिवारीजी होते, मागे रांग होती. मी कागद घेतला आणि लिहिलं: विनंती अर्ज की, अर्जदाराच्या मोटारसायकलच्या बुकातील इंजिन बदलाच्या नोंदीची प्रमाणित नक्कल मिळावी. कारण काय लिहू, असं विचारायची पद्धत होती. मी विचारलं. ते म्हणाले, "लिहा, कामाच्या ठिकाणी दाखवाले." मी तेही लिहिलं. त्यांनी वळणदार अक्षरात सही केली, बुक उचललं आणि समोरच्या कचेरीच्या खिडकीकडे गेले. माझ्या तोंडून माफीचा एक शब्द निघाला नाही. तिवारीजींनी ऐकलं असतं ना. आज वाटतं, ऐकलं असतं तर काय झालं असतं? पान थुंकून म्हातारा हसला असता, एवढंच.

पुढच्या आठवड्यात दादा एक दिवस कारखान्यातून आला तो हातपाय न धुता माझ्याजवळ येऊन बसला. मी कांड्या भरत होते. "काका सरकारी नक्कल घेऊन आले," तो म्हणाला. "साहेबाले दाखवली. बसमधी साऱ्यायले दाखवून राहिले. जो इचारत नाही त्यालेबी दाखवून राहिले. मलेबी दाखवली. मले तं पाहवत नव्हतं." मग त्यानं विचारलं, "विमल, तू त्या दिवशी मागचं पान पाहिलं होतं ना?"

आत्तापर्यंत झालं होतं ते चुकीत आणि मिजाशीत झालं होतं असं कुणी म्हणू शकेल. मीही पुष्कळ वर्षं स्वतःला तसंच म्हणत आले. पण या प्रश्नाला चुकीची सबब नाही. मला सगळं माहीत होतं. अर्ज मीच लिहिला होता. आणि मी चरखा न थांबवता म्हटलं, "पाहिलं होतं. तवा ते पान कोरं होतं."

"कोरं?"

"कोरं. एजंट लोक पैसे घेऊन नोंद करून देतेत मागून. मी रोज पाहते ना."

असं आमच्या कचेरीसमोर मी कधीही पाहिलेलं नव्हतं. दादानं सुटल्यासारखा श्वास सोडला. त्याला बरं वाटलं. आपण एका भल्या माणसाचं नाव खराब केलं नाही, याचं त्याला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी ते त्यानं बसमध्ये सांगितलं, आणि मग त्या नकलेच्या कागदाकडे कुणी बघेना. उलट लोक हसू लागले. दहा-बारा दिवसांनी जेवताना दादा म्हणाला, "काकानं नोकरी सोडली. कोनाले भेटले नाही. आपला डबा घेतला आन गेले."

मी ताटावरून उठले. पुढच्या खोलीत बाबा माग आवरत होते. मी त्यांच्यासमोर उभी राहून सगळं सांगितलं, अंगणातलं, कचेरीतलं आणि कोऱ्या पानाचं. बाबा ऐकत राहिले. मारतील असं वाटलं होतं. त्यांनी हातातला धोटा खाली ठेवला आणि विचारलं, "हे कोऱ्या पानाचं तूनं कोना-कोनाले सांगितलं?"

"दादाले."

"आन त्यानं?"

"साऱ्या बसले."

सकाळी उठून बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली आणि मला म्हणाले, "चाल."

इंदोऱ्याला अंगणात फटफटी नव्हती. भागाबाई सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. वामनराव चांद्याला भाच्याकडे गेले होते, तिकडे एखाद्या वर्कशॉपमध्ये काम बघायला. बाबा ओट्याच्या कडेला बसले आणि माझ्याकडे पाहिलं. मी उभ्यानंच सांगितलं. भागाबाईंचे हात थांबले नाहीत. माझं सांगून झाल्यावर त्यांनी एक खडा वेचून बाहेर टाकला आणि म्हणाल्या, "मले काहून सांगतं वं? मी तं तुह्यं पहिल्या दिवशीबी खरं मानलं नव्हतं. ज्यायनं मानलं त्यायले सांग."

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गोळीबार चौकात कंपनीच्या बसपाशी गेलो. दादाला आदल्या संध्याकाळी बाबांनी सांगितलं होतं. तो तेव्हा रडला होता, आणि आता थांब्यावर मला पाहून जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "घरी जा विमल. मी सांगतो हळूहळू. असं चौकात नोको." तीस-पस्तीस माणसं डबे घेऊन उभी होती. मी पुढे गेले. "मी," एवढा एक शब्द माझ्या तोंडून निघाला आणि पुढे काही येईना. बस आली, लोक चढू लागले. तेव्हा बाबा पायरीशी जाऊन उभे राहिले. जन्मभर मागाच्या आवाजात हळू बोललेला माणूस तो. "थांबा गा जरा," ते म्हणाले. "रामटेकेच्या गाडीचे कागद खरे होते. नोंद पहिल्यापासून होती. माह्या पोरीनं खोटं सांगतलं."

इंजिन चालू होतं. निम्म्या लोकांना ऐकू गेलं नाही. एकानं खिडकीतून म्हटलं, "जाऊ द्या बुवा, झालं ते झालं," आणि बस गेली. दादा त्या बसमध्ये चढला नाही. तो पायी हिंगण्याच्या रस्त्याला लागला आणि पुढचं वर्षभर माझ्याशी बोलला नाही. बाबा घरी येऊन मागावर बसले. त्यांच्या नजरेला नजर देऊन मी पुन्हा कधी त्यांची मान हलण्याची वाट पाहिली नाही.

दसऱ्याच्या सुमाराला दीक्षाभूमीवर गावोगावचे लोक येऊ लागले. वामनरावही चांद्याहून घरी आले असतील म्हणून मी कचेरीतून सुटून एकटीच गेले. ते ओट्यावर बसले होते, गुडघ्याला तेल चोळत. वाळले होते. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं नाही, "बस," म्हणाले. मी बसले. हात जोडून माफी मागितली. ती मी वाटेत इतक्या वेळा घोकली होती की म्हणताना तिच्यात काही उरलं नव्हतं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पहिल्या दिवशीची चूक समजली मले. माह्याहातूनबी नंबर वाचाले चुकले आहेत. पन नंतर तं तुले माहीत होतं. अर्ज तुह्याच हाताचा होता. मंग पान कोरं होतं असं काहून सांगतलं?"

"भेव वाटला," मी म्हटलं.

"कोनाचा? माहा?"

"नाही. घरच्यायचा. दादाचा."

ते माझ्याकडे बघत राहिले. "तेवढंच?" त्यांनी विचारलं.

"तेवढंच," मी म्हटलं.

तेवढंच नव्हतं. चरख्यावर हात फिरत असताना, ते वाक्य उच्चारायच्या आधी, मला पक्कं माहीत होतं की त्यांच्या सरकारी शिक्क्यापेक्षा माझा शब्द खरा मानला जाईल. कोष्ट्याची पोर एकीकडे आणि इंदोऱ्याचे रामटेके दुसरीकडे, तर बस कुणाचं ऐकेल याचा मला विचारसुद्धा करावा लागला नाही. त्या भरवशावरच मी बोलले. भीती होती, पण भीतीनं नुसतं तोंड उघडलं. कारखान्यातल्या कुणा साहेबाबद्दल, आमच्याच पेठेतल्या कुणाबद्दल मी ते पान कोरं होतं असं म्हणायला धजले नसते. हे त्यांनाही ठाऊक असणार. मी ते माझ्या तोंडानं म्हणते का, एवढंच ते बघत होते.

तेलाची वाटी त्यांनी बाजूला सारली. ते पुन्हा विचारतील म्हणून मी आणखी थोडा वेळ बसून राहिले. त्यांनी विचारलं नाही. मग मी उठले, चपला घातल्या आणि निघाले.